दोन सिमचा शेवटचा फोन

मिलूदच्या आणि माझ्या गाळ्यामध्ये प्लायवुडची एक भिंत आहे आणि ती मीच उभी केलेली आहे. दर्ब गल्लेफच्या जुन्या फोन-टीव्हीच्या बाजारात वीतभर जागेवरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात, पण या भिंतीवरून आमचं कधी वाजलं नाही. वाजायला समोरच्यानं तोंड उघडावं लागतं. मी रिमोट विकतो. टीव्हीचे, डिशचे, एसीचे, कंपन्या बुडाल्या तरी त्यांचेही. दिवसभर लोक येऊन माझ्याशी भांडतात, मी त्यांच्याशी भांडतो, आणि संध्याकाळपर्यंत माझा घसा बसलेला असतो. मिलूदकडे लोक येतात ते दवाखान्यात आल्यासारखे, हळू आवाजात.

त्याचं काम फोनला फ्लॅश मारायचं. म्हणजे कंपनीनं आत घातलेली सिस्टिम काढायची आणि दुसरी घालायची. लोगोवर अडकलेले, सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडणारे, घरच्या घरी रूट करायला जाऊन मारून ठेवलेले, असे सगळे फोन त्याच्याकडे येतात. रूट करणं म्हणजे घरातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मालकाच्या हातात देणं. बहुतेक मालक किल्ल्या हाती आल्यावर पहिली नको ती खोली उघडतात, अडगळ समजून घराचा खांबच काढून टाकतात, आणि मग फोन रुमालात गुंडाळून मिलूदपुढे उभे राहतात. बाजार त्याला मअल्लम म्हणतो, म्हणजे उस्ताद. मी मिलूदच म्हणतो, शेजाऱ्याला उस्ताद म्हणायला लागलं की जागा कमी पडते.

त्याच्या दोन सवयी सांगतो. पहिली, केबल लावण्याआधी गिऱ्हाइकाकडून माफी घ्यायची. फोन उठेल, पण आतलं जाईल, ते माफ केलं असं गिऱ्हाइकानं साक्षीदारापुढे तोंडानं म्हणायचं. साक्षीदार अर्थातच मी, भिंतीच्या अलीकडून, फुकटात. एकदा हनिया नावाच्या बाई आल्या होत्या, आमच्याकडे बाईमाणसाला मानानं लल्ला म्हणतात.

"लल्ला, फोन उठेल. आतलं राहील असं सांगत नाही," मिलूद म्हणाला.

"म्हणजे पुतणीच्या लग्नाचे फोटो?"

"तेही जातील."

"मेंदीच्या हातांचे? वरातीचे? सगळे?"

"सगळे."

"तू माणूस आहेस की नगरपालिका?"

"लल्ला, माफ केलं म्हणा एकदा," मी इकडून ओरडलो. "मला इथे गिऱ्हाईक आहे."

"त्याला केलं," बाई म्हणाल्या. "तुला नाही."

दुसरी सवय, फोन हातात आला की पहिल्यांदा पाठीचं झाकण काढायचं आणि पालथं ठेवायचं. त्यावर काय छापलंय ते बघायचंसुद्धा नाही. आमच्या बाजारात फोनच्या पाठीवरचं खरं मानणारा माणूस एकतर नवखा असतो नाहीतर पोलीस. आमच्याकडे एकाची पाठ, दुसऱ्याचा बोर्ड आणि तिसऱ्याचा डिस्प्ले मिळून एक फोन होतो, आणि चालतोही चांगला. पण सिस्टिम घालायची ती बोर्ड ओळखून. पाठ बघून घातली की फोन मेला. मिलूद म्हणायचा, आधी आत बघा. तेवढं एकच वाक्य त्यानं या बाजाराला शिकवलं असेल.

तो मूळचा सेत्तातकडच्या एका खेड्यातला. लहान वयात इथे टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे लागला, मग डिशचे डबे उघडायला शिकला, मग फोन आले. मधे लग्न झालं. यमना चांगली बाई होती, आमच्या घरी येऊन बसायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की हा दिवसभर गप्प असतो आणि घरी आला की परक्या लोकांना भराभरा लिहीत बसतो. शेवटी ती मेकनेसला भावाकडे गेली आणि परत आली नाही. मिलूद तिला वाईट म्हणाला नाही. चांगलंही म्हणाला नाही. त्यानं गाळ्यात एक जास्तीची खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यावर केबली टाकायला लागला.

आता ते परके लोक कोण, ते सांगतो. एका कंपनीचा एक फोन होता, आठ-दहा वर्षांपूर्वी घरोघरी दिसायचा. कंपनीनं त्याला नवी सिस्टिम देणं बंद केलं. मिलूदला ते मनाला लागलं. चांगला धडधाकट फोन, कंपनी म्हणते म्हणून म्हातारा का व्हावा, असं तो म्हणायचा. त्यानं स्वतः त्या फोनसाठी सिस्टिम बांधली आणि सगळ्यांना फुकट मिळावी म्हणून नेटवर ठेवली. कुठकुठली माणसं ती घ्यायला लागली. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या फोनांत तीच होती, माझ्याही. दिवसात चार शब्द बोलणारा हा माणूस तिकडे प्रत्येकाच्या तक्रारीला सविस्तर उत्तर लिहायचा. मला त्याचा रागच यायचा. मी भिंतीपलीकडून विचारलं, "जेवलास का?" तर "हं." आणि तिकडे कुणा अनोळख्याला कॅमेरा का अडकतो यावर पानभर.

त्यातच बाबिकर आला. ओमदुरमानचा, सूदानमधला. तक्रार घेऊनच आला होता, की तुझी सिस्टिम माझं दुसरं सिम पकडत नाही. आमच्याकडे तो फोन एका सिमचा यायचा, त्यांच्याकडे दोन सिमचा. बोर्ड वेगळा. मिलूदनं तो दोन सिमचा फोन जन्मात हातात घेतला नव्हता. मग असं ठरलं की मिलूदनं बांधायचं आणि बाबिकरनं आपल्या फोनात टाकून बघायचं. बाबिकरचा फोन लोगोवर अडकायचा, तो केबल लावून आतली नोंद काढून पाठवायचा, मिलूद ती वाचून चूक शोधायचा, पुन्हा बांधायचा. अशी वर्षं गेली. दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही, आवाज ऐकला नाही. पण मिलूदच्या त्या चार शब्दांत बाबिकर येऊ लागला. "बाबिकरकडे आज लाईट नाही." "बाबिकर म्हणतो, कॉलचा आवाज घोगरा येतो." मी म्हणायचो, तुझ्या बायकोचाही आवाज घोगरा झाला होता ओरडून, तो नाही तुला ऐकू आला. तो हसायचा. खरंच हसायचा, त्या दिवसांत.

मग त्यांच्याकडे लढाई पेटली. बाबिकरचा निरोप आला की लाईट गेलीय, आली की नवी सिस्टिम टाकून बघतो. त्यानंतर काही नाही. मिलूदनं लिहिलं, पुन्हा लिहिलं. बातम्यांत ओमदुरमान दाखवायला लागले की तो माझ्या गाळ्यात येऊन टीव्हीपुढे उभा राहायचा, आणि रस्ते दाखवून झाले की परत जायचा. एके दिवशी मात्र तो चहा घेऊन आला, स्वतःहून.

"बाबिकरचा फोन येऊन गेला," तो म्हणाला.

"बोललास? काय म्हणाला?"

"बोलणं नाही. फोन. नवी सिस्टिम आहे का, असं विचारून गेला."

या फोनांचं असं असतं की ते रोज, आणि नवी सिस्टिम टाकली की लगेच, आपणहून विचारतात, माझ्यासाठी काही नवं आहे का. किती फोनांनी विचारलं, तेवढा आकडा मिलूदला दिसायचा. कुणी, कुठून, हे दिसायचं नाही, तशी सोय त्यानं मुद्दामच ठेवली नव्हती. आपल्याला कुणी असं विचारलेलं चालणार नाही, मग आपण का विचारावं, असं त्याचं. मी म्हणालो, फोन विचारतो तर माणूस का लिहीत नाही? त्याच्याकडे उत्तरं तयार होती. पासवर्ड हरवला असेल. ती वेबसाइट तिकडे उघडत नसेल. लिहायला भीती वाटत असेल. मी वाद सोडला. भांडायला समोर उभा माणूस लागतो, आणि तो त्या वेळी उभाच नव्हता, त्या आकड्याला टेकलेला होता.

माझा तो जुना फोन मी टाकला नव्हता. आतलं कार्ड काढून फळीवर ठेवला, गाळ्याच्या वायफायला आणि स्पीकरला जोडला आणि त्याचा रेडिओ केला. दिवसभर मॅचची कॉमेंट्री, नाहीतर जुनी गाणी. महिन्याकाठी त्यावर पाटी यायची, नवी सिस्टिम आली, टाकू का? खाली काय बदललंय ते मिलूदनं लिहिलेलं असायचं. मी चष्मा लावून वाचायचो. आधी कोरडं असायचं. लढाईनंतर ते बदललं. "बॅटरीची टक्केवारी आता बरोबर दिसते. भाऊ, तुझ्याकडे संध्याकाळपर्यंत किती टिकते ते बघ. इकडे आज सार्डिन मासळी स्वस्त होती, मी जास्त आणली आणि खाल्ली नाही." पुढच्या महिन्यात, "घड्याळ मागे पडत होतं, ते दुरुस्त. आईला जाऊन वर्ष झालं. गावी गेलो नाही. गेलो असतो तर कुणाशी काय बोलायचं ते कळलं नसतं." मला वाटायचं, बाबिकरला लिहितोय आणि आम्ही बाकीचे आपले बाजूला उभे राहून ऐकतोय. इतक्या वर्षांत जे त्यानं माझ्याशी भिंतीपलीकडून बोलायला हवं होतं, ते मला असं पाटीवर मिळत होतं. मी त्याला कधी बोललो नाही. काय बोलणार, सार्डिन का नाही खाल्लीस?

मागच्या शरदात एका गुरुवारी मी पाटीवर होय दाबलं आणि रेडिओ मेला. लोगो दिसायचा, काळोख व्हायचा, पुन्हा लोगो. शुक्रवारी कुसकुस खाऊन बाजारात आलो तर मिलूद गाळ्यात पाठमोरा बसलेला. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे बघतही नव्हता. मी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि आत गेलो.

"काय झालं रे?"

"मी बाबिकरचा फोन मारला."

"इथे बसून?"

"गुरुवारी नवी सिस्टिम ठेवली. त्यानं टाकली. तेव्हापासून आकडा शून्य आहे." त्याचे हात मांडीवर होते, उलटे. "त्याच्याकडे वीज नसते, बॅटरी जरा टिकावी म्हणून त्याच्या फोनला न लागणारं सगळं मी काढून टाकलं. जास्तच काढलं असेल कुठेतरी. आता तो काय करणार? तिथे कुठला मअल्लम शोधणार?"

"एक बंद पडला म्हणून काय झालं. बाकीचे सांगतील ना काय बिघडलं ते."

"बाकीचे नाहीत. दोन वर्षं झाली, तेवढा एकच आहे."

"एक कसा? माझा आहे की."

"तुझा एका सिमचा. एका सिमसाठी बांधणं मी केव्हाच सोडलं, कुणी राहिलंच नव्हतं. तुझ्याकडे आता काही येत नसेल. हा दोन सिमचा आहे. सगळ्या जगात एक."

पण माझ्याकडे येत होतं. दर महिन्याला येत होतं.

मग मला हरीरा आठवली, आमचं उपास सोडायचं सूप. मिलूद आईच्या मातीसाठी गावी गेला होता आणि नंतर चाळिसाव्या दिवसापर्यंत तिकडेच राहिला, तो रमजान होता. उपास सोडताना माझ्या कोपरानं फोन हरीराच्या भांड्यात पडला, टोमॅटो, मसूर, सगळं आत. मिलूद नव्हता म्हणून मी मागच्या गल्लीतल्या लाहसनकडे गेलो. त्यानं बोर्ड गेला म्हणून सांगितलं, डब्यातून कसलातरी दुसरा बोर्ड काढून बसवला, आणि मीच सांगितलं म्हणून त्यात मिलूदची सिस्टिम घातली. बोर्ड कुठून आला, किती सिमचा, मी कशाला विचारतोय? पाठ माझीच, डिस्प्ले माझाच, रेडिओ वाजतोय. मिलूद परतल्यावर त्याला सांगितलं नाही, एवढंच. नेहमीचा न्हावी गावाला गेला म्हणून दुसऱ्याकडे केस कापले, तर ते कुणी परत येऊन सांगत नाही.

म्हणजे रोज जो विचारत होता, माझ्यासाठी काही नवं आहे का, तो बाबिकर नव्हता. तो प्लायवुडच्या अलीकडे फळीवर बसून मॅचची कॉमेंट्री करत होता, आणि मिलूद दोन वर्षं ती ऐकत होता. तो आवाज कमी कर म्हणून त्यानं मला सांगितलंही होतं.

त्याला हे न सांगताच मी घरी गेलो. घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, कुणाशी भांडलास? मी म्हणालो, नाही, म्हणूनच. माझ्या घरात सहा माणसं आहेत आणि कोपऱ्यात बसून विचार करायला जागा नाही, पण त्या दिवशी मी बसलो. बाबिकरचा फोन त्यानं मारलेला नाही, एवढं सांगितलं तर त्याच्या छातीवरचा दगड उतरणार होता. पण तेवढंच सांगता येत नव्हतं. त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट येत होती, की मग बाबिकर दोन वर्षं कुठेच नाही.

शनिवारी फोन खिशात घालून मी लाहसनकडे गेलो. तो म्हणाला, मागची सिस्टिम माझ्याकडे आहे, चहा येईपर्यंत घालून देतो. मी स्टुलावर बसलोही. रेडिओ सुरू झाला असता, मिलूदला पुन्हा एक दिसला असता, आणि तो उठून चहा घेऊन माझ्याकडे आला असता. मग पुढच्या महिन्यात त्यानं पुन्हा लिहिलं असतं, भाऊ, असं झालं, तसं झालं. आणि मी चष्मा लावून ते वाचलं असतं. तोपर्यंत मी ऐकत होतो ते वेगळं होतं. आता माहीत असून वाचायचं, हे मला जमलं नसतं. मी लाहसनच्या हातातून फोन काढून घेतला.

"काय झालं, हम्मादी? पैसे नको देऊस, बाबा."

"तुझा चहा वाईट असतो," मी म्हणालो आणि निघालो.

मिलूदपुढे मी फोन ठेवला तेव्हा त्यानं वरही बघितलं नाही. "रेडिओ बंद पडलाय," मी म्हणालो. "बघ."

"मग बघतो."

"आता बघ, मिलूद."

माझ्या आवाजात काहीतरी असेल. त्यानं फोन घेतला, पाठ काढली, पालथी ठेवली. केबल लावली. दोन बटणं दाबून धरली आणि आतली नोंद पडद्यावर चालू झाली, बारीक अक्षरांच्या ओळी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो वाचत गेला. आधी कंटाळून. मग पुढे वाकून. मग एका ओळीवर बोट ठेवून बसला, आणि ते बोट तिथून हललं नाही.

"हा बोर्ड तुझा नाही," तो म्हणाला.

"हरीरात पडला होता. तू गावी होतास. लाहसननं बदलला."

"दोन सिमचा आहे."

"आता कळलं मला. काल तू बोललास तेव्हा."

त्यानं पुन्हा वरपासून ओळी वाचल्या. "डिस्प्ले आपल्याकडचा आणि बोर्ड तिकडचा," तो शेवटी म्हणाला, मला नव्हे, पडद्याला. "या फोनला दोन जातींचे डिस्प्ले येतात. सूदानकडच्यात एकच जात. दुसरीची सोय मी काढून टाकली, बाबिकरला लागत नाही म्हणून. हा उठतो, डिस्प्ले शोधतो, सापडत नाही, पडतो. पुन्हा उठतो." त्यानं चष्मा काढला. "असा फोन या बाजाराबाहेर कुठे असूच शकत नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गेलो नाही.

"पाटी येत होती तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

"येत होती."

"वाचत होतास?"

"हो."

"सगळं?"

"आईचंही," मी म्हणालो.

त्यानं तोंड केबलींच्या खुर्चीकडे फिरवलं. "बोलला नाहीस कधी."

"ते मला लिहिलेलं नव्हतं, मिलूद."

काढून टाकलेली सोय त्यानं परत घातली आणि सिस्टिम पुन्हा बांधायला लावली. त्याला पुष्कळ वेळ लागतो, संगणकाचा पंखा कण्हत राहतो. मी आपला गाळा उघडा टाकून तिथेच बसून राहिलो. रिमोट कुणी चोरत नाही, चोरला तरी त्याचा टीव्ही सापडायला हवा. दुपार कलली तेव्हा त्यानं सिस्टिम घातली, लोगो आला, गेला, आणि डिस्प्ले उजळला. थोड्या वेळानं त्याच्या संगणकावर शून्याचा एक झाला. आम्ही दोघांनी तो बघितला. बघवत नव्हता. मिलूदनं काहीतरी टाइप केलं आणि ते मोजण्याचं पानच काढून टाकलं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "वाजेल आता."

वाजला. पण मी आवाज लहान ठेवला. पुढच्या महिन्यात पाटी आली, नवी सिस्टिम, टाकू का? मी चष्मा लावला. खाली लिहिलं होतं, "दोन्ही जातींच्या डिस्प्लेवर चालते." बस्स. मी बोटानं वर-खाली करून बघितलं, आणखी काही खाली राहिलंय का. काही नव्हतं. मी सांगतो, मला फार एकटं वाटलं. घरात सहा माणसं असताना, गळा दुखेपर्यंत दिवसभर बोलून. मग मनात आलं, मला एवढं वाटतंय तर पलीकडच्याला काय वाटत असेल. त्यानं लिहिलेलं वाचायलाही आता कुणी नव्हतं.

मी उठलो आणि वाण्याकडून साखरेचा सुळका घेतला, निळ्या कागदातला मोठा, दुःखाच्या घरी नेतात तसा. मिलूदच्या टेबलावर ठेवायला जागा नव्हती, म्हणून हातातच धरून उभा राहिलो.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

"बाबिकरचं."

"खबर नाहीय, हम्मादी."

"नाही."

"कदाचित असेल कुठेतरी. इजिप्तला गेले म्हणतात पुष्कळ लोक."

"असेल. मग हा सुळका आपण चहात घालून संपवू, आणि तो आला की मी त्याला एसीचा रिमोट फुकट देईन."

तो हसला नाही. त्यानं डोळे पुसले, बाहीनं, लहान मुलासारखे. "मला त्याच्या बापाचं नाव माहीत नाही," तो म्हणाला. "दुआ मागायची तर अमक्याचा मुलगा म्हणून मागतात. मी कुणाचा मुलगा म्हणू? त्याच्या फोनातली तार न तार मला पाठ आहे, आणि बापाचं नाव नाही विचारलं. घरी कोण आहे, नाही विचारलं. आवाज घोगरा येतो का, एवढंच विचारत राहिलो."

"म्हण माझा भाऊ म्हणून. वर ज्याला कळायचं त्याला कळेल."

मग त्यानं टेबलावरचे फोन एका बाजूला सारले, सोल्डरिंगचा कैया बंद केला, सुळका माझ्या हातातून घेऊन मधोमध उभा ठेवला. खुर्चीवरच्या केबली काढून खाली टाकल्या आणि खुर्ची झटकली. बाहेर जाऊन शटर अर्ध्यावर ओढलं. आमच्या बाजारात भरदिवसा अर्धं शटर आणि आत साखर, याचा अर्थ पोरालाही कळतो.

मी बाहेर स्टूल टाकून बसलो. लोक थांबायला लागले. कपाळाला आठ्या घालून पहिला लाहसन आला.

"कोण गेलं?"

"त्याचा भाऊ."

"मिलूदला भाऊ होता?"

"होता," मी म्हणालो. "आत जा. वाकून जा, डोकं आपटशील."

लाहसन वाकून आत गेला. तुझ्या शिरावर बरकत राहो, असं म्हणाला, कुणी गेल्यावर म्हणतात तसं, आणि मिलूदनंही जे उत्तर द्यायचं ते दिलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर कुणी बसलेलं मी ऐकलं नव्हतं.

"कुठे असायचा?" लाहसननं विचारलं.

"ओमदुरमानला."

"दूर. काय करायचा?"

मला वाटलं आता तो "हं" म्हणेल.

"मी बनवलेलं टाकून बघायचा," मिलूद म्हणाला. "आणि बरंवाईट कळवायचा."